सतरा टेक

मी मोबाइल बोलतोय. हो, तोच, काचेला तडा गेलेला. दुकानदारानं विकताना "घोड्यासारखा चालेल" म्हटलं होतं. चाललोय बापडा, ढकलत ढकलत.

माझा मालक छोट्या गावचा, लोकांना हसवून पोट भरणारा. चार वर्षं मला पुढच्या टेबलावर ठेवून त्यानं आपले कार्यक्रम रेकॉर्ड केले. घरी येऊन ऐकायचा आणि जिथे हशा, तिथे वहीत खूण करायचा. बाबांवरच्या विनोदांना सगळ्यात जास्त खुणा. बाबा म्हणायचे, "कर लेका, माझ्या जिवावर नाव कर!"

बाबा गेल्या महिन्यात गेले. तेव्हापासून हा नुसता दगड. जेवतो, दात घासतो, विचारलं तर "बरंय" म्हणतो.

अशात मालिकेच्या ऑडिशनचा निरोप आला, घरूनच व्हिडिओ करून पाठवायचा. विनोद सोडून अभिनयासाठी कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, त्यामुळे सोडवेना. प्रसंग काय, तर डॉक्टर सांगतात वडील गेले आणि मुलगा कोसळतो. घ्या! दुसरा प्रसंगच सापडला नाही मेल्यांना.

मला पुस्तकांच्या चळतीला टेकवलं. डॉक्टरचं वाक्य वाचायला माझ्यामागे धाकटी बहीण बसली. "आम्ही खूप प्रयत्न केले." हेच वाक्य दोघांनी हॉस्पिटलात ऐकलं होतं, मी तेव्हा त्याच्या खिशात होतो. तो तोंड वेडंवाकडं करायचा, पण डोळे कोरडे ठणठणीत.

"अगं, तुझा आवाज येतोय मागून."

"मी काय करू दादा? येतंय रडू."

असं सतरा वेळा. शेवटी हात टेकले आणि सतरावा टेक तिच्या हुंदक्यांसकट पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "तुमचं जमलं नाही. पण मागे रडतायत त्या कोण? त्यांना काम करायला आवडेल का?"

बहिणीनं मला ओढून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाली, "बाबा असते तर पोट धरून हसले असते."

"हो," तो म्हणाला. ना हसू, ना रडू.

जरा वेळानं त्यानं मला परत चळतीला टेकवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि समोर बसला.

"आता कुणाला पाठवायचंय?"

"कुणालाच नाही. तू वाच."

तिनं वाचलं. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं नाही. हॉस्पिटलात म्हणाला होता तसंच फक्त "बरं" म्हणाला आणि बराच वेळ बसून राहिला.

माझ्यातली जागा आता संपलीय. नवा येईल, मी मोडीत जाईन, त्याचं काही नाही. तुमच्यापैकी कुणी त्याच्या ओळखीचं असेल तर एवढं सांगा, पुसायचे तर ते सतरा पूस. अठरावा राहू दे. त्यात तो कुणाला काही करून दाखवत नाहीये.