बाटलीखालची उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, बाटलीखालची, जेमतेम वीतभर. अनाथ बाळांच्या संस्थेतल्या शिवणाच्या बाईंनी जुन्या चादरीच्या तुकड्यात कापूस ठासून मला शिवलं. बाळाच्या गालाशी मला टेकवायचं, माझ्यावर दुधाची बाटली कलती ठेवायची आणि पुढच्या पाळण्याकडे पळायचं, अशी तिथली पद्धत. खोलीत बाळं बारा आणि सांभाळायला मावशी एक. ती तरी बिचारी काय करणार? आम्ही बारा उश्या म्हणजे तिचे जादा हात. मला त्याचा भारी तोरा होता.

माझ्या पाळण्यातली सात महिन्यांची मुलगी कधी रडतच नसे. दूध उशिरा येवो, दुपटं ओलं होवो, हूं की चूं नाही. सगळे तिला ‘शहाणी’ म्हणत. पाहुणे आले की आधी तिचाच पाळणा दाखवत. मीही फुगायची, जणू तिला वळण मीच लावलं होतं!

बाळांना कुणाचा लळा लागू नये, म्हणून दर आठवड्याला मावशी बदलायची, असा नियम होता. अशीच एक नवी मावशी आली. घरी तीन मुलं वाढवलेली बाई. तिने पाळण्यावर वाकून टाळ्या वाजवल्या, तोंडं वेडीवाकडी केली. शहाणी छताकडेच बघत राहिली. मावशीचा चेहरा उतरला. तिने शहाणीला उचललं आणि तडक संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. मी दुपट्यात अडकून सोबत गेले, म्हणून सगळं ऐकलं.

“बाई, ही शहाणी नाही हो. रडून कुणी येत नाही, हे कळलंय पोरीला. मला त्याच खोलीत राहू द्या.”

“आणि उद्या तिला कुणी दत्तक नेलं म्हणजे? लळा लावून तोडायचं का?”

“एकाचा लळा लागला, तरच दुसऱ्याचा लागेल ना? महिनाभर बघा. नाही जमलं तर मला बदला.”

बाईंनी महिना दिला.

मावशीने बाळांच्या दुधाच्या वेळा मागेपुढे केल्या आणि एकेकाला मांडीवर घेऊन पाजू लागली. पाठ मोडायची तिची. मांडीवरही शहाणी लाकडासारखी ताठ. पण मावशी तिच्या डोळ्यांत बघत बोलतच राहायची. असं बघणं मला कुठून जमणार? मनातल्या मनात मी त्या बाईला हात जोडले.

तीन आठवडे काही नाही. महिना संपायला दोन दिवस उरले. दुपारी काम आटोपून मावशी दाराशी चपला घालत होती, तोच शहाणीने भोकाड पसरलं. मोठ्या बाई धावत आल्या.

“कोण रडतंय?”

“आपली शहाणी, बाई! मी निघाले म्हणून!” मावशी रडत होती की हसत होती, कळेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मावश्या बदलण्याचा तक्ता भिंतीवरून काढला आणि खोलीला आणखी दोन मावश्या दिल्या.

वर्षभराने शहाणीला आईबाबा मिळाले. जाताना ती मावशीचा पदर सोडेना. दोन दिवस तिकडे ती रडली, इकडे मावशीला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी नव्या आईचा फोन आला, “आज आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसली!” मावशीने तोंड धुतलं आणि पुढच्या बाळाला दूध पाजायला घेतलं.

मी आता कपाटात आहे. कापूस शाबूत आहे, शिवण पक्की आहे. हवं तर माझं पायपुसणं करा. पण कृपा करून मला कामावर परत बोलावू नका.