पट्टा, काच, बाहेर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखादं नवं जोडपं मला फिरायला नेईल. पण माझ्या नशिबी आला मोटार शिकवण्याचा वर्ग. डोक्यावर पाटी आणि पायाशी दोन ब्रेक: एक शिकणाऱ्याचा, एक मास्तरांचा. अठरा वर्षं मी धक्के खाल्ले. कुणी मला भिंतीवर घातलं, कुणी भाजीच्या दुकानात. माझा क्लच इतक्या जणांनी जाळला, की त्या जळक्या वासाला मास्तर 'गुरुदक्षिणा' म्हणत.

मास्तर फार कडक. आरसा कुठे, पाय कुठे, सगळं घोकून घेत आणि प्रत्येकाच्या चुका वहीत टिपत. एकदा त्यांच्याकडे एक निवृत्त परिचारिका शिकायला आल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी अपघात विभागात काढली होती. घाबरणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ब्रेक कुठला तेही.

त्या सकाळी तळ्याकाठी गाडी मागे घ्यायचा धडा होता.

"हळू, सिस्टर."

"हळूच घेतेय."

"ब्रेक! ब्रेक!"

"दाबलाय की!"

दाबला होता तो ॲक्सिलरेटर. मास्तरांनी आपला ब्रेक दाबला, पण काठ ओला होता. मी घसरत घसरत मागच्या मागे पाण्यात गेले. थोडा वेळ तरंगले, मग इंजिनाच्या भारानं माझं नाक बुडू लागलं.

मास्तर दाराला खांदा लावून ढकलू लागले. बाहेरच्या पाण्यानं दार असं दाबून धरलं होतं, की तसूभर हलेना.

"आता काय करायचं हो? मला पोहता येत नाही!" जन्मभर दुसऱ्यांना शिकवणारा माणूस ओरडला.

"दार सोडा!" सिस्टर कडाडल्या. "पट्टा काढा. काच खाली घ्या, पाणी तिथवर चढायच्या आत!"

"माझी वही..."

"वही गेली खड्ड्यात! फिरवा ते हँडल!"

मास्तर खिडकीत अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले. सिस्टरनी त्यांना मागून असा रेटा दिला, की अठरा वर्षांत मलाही कुणी तसा दिला नव्हता. मग त्या आपल्या खिडकीतून निघाल्या आणि मास्तरांची कॉलर धरून पोहू लागल्या. काठावर कपडे धुणाऱ्या बाईनं ओली चादर फेकली आणि दोघांना ओढून घेतलं.

"गाडी शिकवत होता की पोहायला?" तिनं विचारलं.

मास्तर काठावर बसून चष्म्याविना डोळे पुसत होते. "सिस्टर, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

सिस्टरनी बाह्या पिळल्या. "आमच्याकडे आणायचे ना, पाण्यातून काढलेल्या गाड्यांतले. अंगावर ओरखडा नसायचा. नखं तेवढी तुटलेली. दाराशी झटून झटून."

दुसऱ्या दिवशी क्रेननं मला वर काढलं. इंजिन कामातून गेलं होतं. भंगारवाला आला, पण मास्तरांनी त्याला परत पाठवलं आणि मला वर्गाच्या अंगणात विटांवर उभं केलं. तेव्हापासून प्रत्येकाचा पहिला धडा माझ्यात होतो. डोळे मिटून पट्टा सोडायचा, काच उघडायची, खिडकीतून बाहेर पडायचं. सिस्टर घड्याळ धरून ओरडतात. एका जाडजूड वकिलांना काढायला चौघं लागले. शेजारी म्हणतात, मास्तरांच्या डोक्यात तळ्याचं पाणी गेलंय.

मागच्या महिन्यात वर्गात शिकून गेलेले एक पोस्टमन दोन लेकींना घेऊन आले. त्यांची गाडी कालव्यात पडली होती. धाकटी म्हणाली, "बाबा ओरडत होते, पट्टा, काच, बाहेर! आधी मला ढकललं, मग ताईला." मास्तर तोंड फिरवून उगाच माझा आरसा पुसत राहिले.

मित्रांनो, बटणाची काच पाण्यात फार वेळ साथ देत नाही, म्हणून पहिल्या क्षणालाच उघडा. दाराशी झुंजू नका. धाकट्या भावंडाला आधी बाहेर काढा. आज आईबाबा गाडीत बसले, की विचारा, "पाण्यात पडलो तर काय कराल?" ते हसतील. हसू द्या. पण नीट उत्तर मिळेपर्यंत गाडी सुरू करू देऊ नका.