विहिरीच्या तळाशी

“सिस्टर, उदास म्हंजी? पिक्चरमदी हीरो बसतो तसं?” सांडूनं पेन थांबवून विचारलं.

सगीरा नुसती हसली. डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती की, माणसानं प्रश्नावली स्वतःच भरायची, आपण काही सुचवायचं नाही. मनाच्या आजाराची ही प्रश्नावली त्या नव्यानं तयार करत होत्या. शब्द लोकांना कळतात का, हे पडताळण्यासाठी दवाखान्यात येणाऱ्यांकडून ती भरून घ्यायचं काम सगीराकडं होतं.

सांडू वाळूजच्या कारखान्यातला, रात्रपाळी करून पाठ दाखवायला आलेला. त्यानं ‘नाही’वर खूण केली.

खिडकीतल्या लिंबाची सावली कागदावर हलत होती. तो त्या सावलीकडं बघत राहिला, जणू पुढचा प्रश्न तिथंच लिहिला होता.

“भाऊ, उदास नाही, मग कसं वाटतं?” कागद परत घेताना सगीरानं विचारलं.

“कायच वाटत नाय. मागं देवगावला गेल्तो. आई जेवायला हाका मारू लागली. ऐकू येत व्हतं, पर मी विहिरीच्या तळाशी बसलोय अन् ती वरून बोलतीय, असं. वर यावं वाटंना. तिथं लई गार व्हतं.”

सगीरानं कागद पाहिला. शेवटचा, मरणाच्या विचाराचा प्रश्न कोरा होता.

“हा राहिला.”

“राहू द्या,” तो उठत म्हणाला. “त्याचं उत्तर घरी गेल्यावर.”

सगीरानं त्याचं मनगट धरलं. ताकीद तिला आठवत होती. तरी ती म्हणाली, “घरी नाही. माझ्यासंगं आत चला.”

तो तिच्यामागं चालू लागला. आतलं दार बराच वेळ बंद होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “यांना एकटं सोडायचं नाही. घरी निरोप दे. आणि सगीरा, बोललीस ते बरं केलंस.”

उस्मानपुऱ्यातून त्याची बायको आशाबाई धावत आली, तेव्हा सांडू बाकावर झोपला होता, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा.

“काय झालं वो यांना?”

“आत्ता झोपलेत. डॉक्टर सांगतील सगळं. उठवू नका.”

आशाबाई खाली फरशीवर बसली. कारखान्यातले जड बूट अजून त्याच्या पायात होते. तिनं पदरानं डोळे पुसले, एकेक नाडी सोडली, आणि त्याची झोप मोडणार नाही अशा बेतानं ते बूट काढून बाकाखाली जोडीनं ठेवले.