पांढऱ्या मातीची भिंत

बोरी अरब गावाच्या अलीकडे नाल्याच्या काठी एक टेकाड होतं आणि टेकाडावर एकच पळस. तांड्यातली बाकी माणसं तो फुलला की त्याच्याकडे बघत. भुरीबाई रोज बघायची. विहिरीवर आली की आधी तिकडे नजर टाकायची, मग दोर सोडायची. तिचं एकुलतं एक लेकरू त्या पळसाखाली आहे, असं तिच्या नवऱ्यानं, पूनमसिंगनं, तिला सांगितलं होतं. बाळ गेलं तेव्हा ती बाजेवर तापानं फणफणली होती. गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांत लग्नाआधी गेलेल्याला पुरतात, आणि पुरायला बाया जात नाहीत. बापानंच फडक्यात गुंडाळून नेलं. तिनं एकच हट्ट केला, बाळाच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यातलं घुंगरू कोणाला काढू दिलं नाही.

पुढे एकोणसाठच्या हिवाळ्यात सरकारी खात्याचे साहेब तंबू घेऊन आले. टेकाडाच्या पोटात जुना बौद्ध विहार आहे म्हणाले, भिक्खूंच्या राहायच्या खोल्या आहेत. तांड्याला त्यातलं कळलं ते एवढंच की आता रोज मजुरी मिळणार. पूनमसिंग कुदळीवर लागला, भुरीबाई टोपल्यावर. खणायला सुरुवात झाली खालच्या उतारापासून. तो खणून टोपलं भरून द्यायचा, ती डोक्यावर घेऊन नाल्याकडे नेऊन टाकायची. माती मोठी छान, पांढरी आणि पिठासारखी मऊ. लिंपायला अशी माती फुकट मिळत असताना कोण सोडतं? संध्याकाळी बाया टोपली भरभरून घरी नेत. भुरीबाईनंही चुलीमागची भिंत त्याच मातीनं लिंपली, आणि कितीतरी वर्षांनी तिला आपलं घर घरासारखं वाटलं.

काम पळसापाशी आलं त्या दिवशी मात्र ती टोपलं फेकून बुंध्याला मिठी मारून बसली.

"सायेब, इथं माह्यं लेकरू हाय. आधी मले खणा."

दुसरा कोणी असता तर खेकसला असता. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाई, या झाडाखाली कोपऱ्यातली खोली आहे. ती उघडल्याशिवाय विहार पुरा होत नाही."

"तुमचे भिक्खू तं जगून गेले, सायेब. माह्याचं बारसंबी नाही झालं."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला, आणि तो कोपरा सोडून द्या म्हणाले. पूनमसिंग खाली मान घालून उभा होता. बायकोच्या धिटाईनं लाजला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

खोदकाम संपलं, भोवती तारेचं कुंपण आलं, इथल्या विटेला हात लावाल तर गुन्हा होईल अशी पाटी लागली. लांबून बघणाऱ्याला खोल्यांची सरळ रांग दिसे आणि एका कोपऱ्यात मातीचा ढिगारा, त्यावर पळस. भुरीबाईचा ऊर भरून यायचा. साक्षात सरकार तिच्या लेकराची राखण करत होतं.

दोनेक वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर ती चुलीमागची भिंत नव्यानं लिंपायला खरवडत होती. विळ्याला काहीतरी खट्कन लागलं. मातीनं बुजलेलं घुंगरू. आतला खडा पडू नये म्हणून तिनं त्याचं तोंड दातांनी चेपलं होतं. ती चेप तशीच होती.

अंगणात पूनमसिंग दावं वळत बसला होता. तिनं त्याच्यासमोर हात उघडला. "हे पळसाखाली होतं नं?"

त्याच्या हातातलं दावं गळालं.

"पळसाखाली मुळ्या लागल्या वं. कुदळ चालेना. वरून पाणी पडून राह्यलं होतं. उतारावर मऊ जागा भेटली, तिथं ठेवलं. विहिरीवरून पळस दिसते म्हून तुले पळस सांगतला."

"अन् खोदकामाच्या वक्ती?"

"मीनं लय पाह्यलं. हाड नाही, फडकं नाही, मातीच होती निस्ती. टोपलं मीनंच भरलं. तुह्या डोक्यावर मीनंच देल्लं."

भुरीबाईनं असा टाहो फोडला की सारा तांडा गोळा झाला. लेकराला तिनं एकदा पोटात वागवलं होतं आणि एकदा डोक्यावर, आणि दुसऱ्या खेपेला तिला ओझंसुद्धा जाणवलं नव्हतं. टोपली काय थोडी होती? त्यातली बरीचशी नाल्याच्या पुरानं कधीच वाहून नेली होती. तिच्या वाट्याला एक भिंत आली होती. खरवडलेली माती तिनं कण न् कण वेचली, आसवं गाळतच भिजवली, आणि घुंगरासकट पुन्हा भिंतीला लावली.

थंडीत साहेब पाहणीला आले तेव्हा ती आपणहून कुंपणापाशी गेली. "खणा, सायेब, तो कोपरा. तिथं कोणी नाही."

साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कुदळी मागवल्या. पळस तोडला गेला, खोली उघडली, विहार पुरा झाला. विहिरीवर आता ती खाली बघूनच दोर सोडायची.

घरातल्या त्या भिंतीला मात्र तिनं पुन्हा कोणाचा हात लागू दिला नाही. सण आले न् गेले, भिंत तशीच राहिली. पावसाची झड आत येऊ लागली की ती घरातली एकुलती एक घोंगडी भिंतीवर टांगायची आणि स्वतः कुडकुडत बसायची. पूनमसिंगशी ती बोलत नव्हती. तो बाहेरच जेवायचा, बाहेरच निजायचा.

एका संध्याकाळी तो शेतातून भिजून, थकून आला, आणि कधी नव्हे तो आत येऊन चुलीपाशी बसला. बसल्या बसल्या पाठ मागे भिंतीकडे कलली. भुरीबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"जपून टेक," ती म्हणाली. "लेकरू हाय तिथं."