चुनखडीखालचा काळा दगड

रित्सुकोने सूक्ष्मदर्शकाची जड पेटी खिडकीजवळच्या बुटक्या मेजावर ठेवली, झाकण उघडले आणि काचेची पट्टी भिंगाखाली सरकवली. दिव्याचा झोत हवा तसा पडेपर्यंत तिने त्याची मान दोनदा वाकवली. मग ती गुडघ्यांवरच जरा मागे सरकून बसली.

"सर, बघता?"

माकिनोसर ओसरीच्या फळीवर पर्सिमनची केशरी फळे सोलत बसले होते. साल एकसंध उतरत होती. एवढे एक होऊ दे, असे ते म्हणाले, आणि ते झाल्यावर त्यांनी दुसरे उचलले. शेजारी त्यांच्या पत्नी फुसाएबाई सोललेली फळे वाळवण्यासाठी दोरीला बांधत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि दोरीची गाठ आवळली.

तोकुजी माकिनो हिनोसावाच्या शाळेत छत्तीस वर्षे भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. रित्सुको हातानाका त्यांची विद्यार्थिनी, आता शहरातल्या विद्यापीठात शिकवत होती. आपल्याला काहीतरी दाखवायचे आहे, इतकेच तिने पत्रात लिहिले होते. काय दाखवायचे असेल ते सरांना पत्र वाचतानाच कळले होते, आणि त्यांना कळले असणार हे तिलाही ठाऊक होते.

महायुद्धात देश हरला तेव्हा सर पस्तिशीचे होते. वरून सांगितलेले सगळे खरे मानून वागल्याची लाज त्या पिढीतल्या पुष्कळांना होती, तशी त्यांनाही होती. त्यांनी आसपासच्या गावांतले शिक्षक, एक टपाल कारकून आणि एक न्हावी असे एकोणीस जण गोळा केले. इथून पुढे आपल्या पायांनी जिथे जाऊ आणि आपल्या हातोडीने जे फोडू तेवढेच मानायचे, असे त्यांनी ठरवले. अठ्ठावीस वर्षे दर रविवारी ही मंडळी खोऱ्यात उतरली. त्यांनी काढलेल्या नकाशात एकेक ओढा होता, एकेक खडक होता. त्या नकाशाचा अर्थ त्यांनी असा लावला होता की इथली जमीन समुद्राखाली खचली, तिच्यावर आधी काळा गाळ आणि लगेच चुनखडी साचली, आणि मग हे सगळे जागच्या जागी वर उचलले जाऊन डोंगर झाले.

पुढे परदेशातून नवा सिद्धांत आला. जमिनीचे प्रचंड तुकडे सरकतात, समुद्राचा तळ किनाऱ्याखाली शिरतो आणि जाताना आपल्या पाठीवरची बेटे किनाऱ्याला खरवडून ठेवून जातो. तरुणांनी तो हातोहात उचलला. पुन्हा वरून आलेले तयार उत्तर, असे म्हणत सरांनी त्याला नकार दिला. मंडळींच्या वार्षिक पुस्तिकेसाठी त्या सिद्धांताविरुद्ध लिहिलेला त्यांचा चाळीस पानांचा लेख आतल्या खोलीत तयार होता.

तिसरे फळ सोलून झाल्यावर फुसाएबाईंनी सुरी काढून घेतली.

"अहो, ती पहाटेच्या गाडीने आलीय. फळं काय पळून जातायत?"

सरांनी हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे भिंगाला लावले. पट्टीवर खोऱ्यातला काळा दगड आम्लात विरघळवून उरलेला गाळ होता. वाळूच्या कणाहूनही लहान असे काचेचे सांगाडे त्यात विखुरले होते. कुठे जाळीदार घंटा, कुठे काटेरी चेंडू. एकेकाळी समुद्रात तरंगणारे जीव. सरांची बोटे भिंग वरखाली करणाऱ्या चकतीवर हळूहळू फिरत राहिली.

"किती वर्षांचे म्हणतेस?"

"सोळा कोटी, सर."

"आणि चुनखडी सव्वीस कोटींची. तो आकडा आम्हीच ठरवला होता."

"हो. तुमच्याच आकड्यावर विसंबून आहे मी."

त्यापुढचे बोलायची गरज नव्हती. काळा दगड चुनखडीच्या खाली होता. खालचा थर वरच्याहून दहा कोटी वर्षांनी तरुण असेल, तर ती चुनखडी तिथे साचलेली असणे शक्य नव्हते. ती दुसरीकडे कुठेतरी तयार होऊन नंतर तिथे आली होती.

सरांनी नकाशा मागितला. दगड नेमका कुठून घेतला ते रित्सुकोने दाखवले. रस्त्याच्या वळणापाशी, कड्याच्या पायथ्याला. सर त्या ठिकाणी बोट ठेवून बसले. चहा आला, निवला. फुसाएबाई ओसरीवरून हे पाहत होत्या, आणि रित्सुकोला वाटले की सरांना फार लागले असावे. आपण टपालाने कळवायला हवे होते, असेही तिच्या मनात येऊन गेले.

"शोधनिबंध छापायला पाठवलास?"

"पुढच्या आठवड्यात पाठवणार आहे. तुम्ही आधी पाहावा असं वाटलं."

"पाठवू नकोस."

तिने मान खाली घातली.

"हा दगड जागचा नाही," सर म्हणाले. "एकोणसाठच्या वादळात वरचा कडा कोसळला, तेव्हा खाली आलाय. तू तेव्हा शाळेतसुद्धा जात नसशील. चुनखडीच्या वरूनही आला असेल. वरचा थर तरुण असला तर त्यात नवल काय? एवढं एक वाक्य कोणी लिहिलं की तुझा निबंध संपला."

ते वाक्य त्यांना आपल्या चाळीस पानांत सहज घालता आले असते. रित्सुकोच्या हे लक्षात आले तेव्हा सर उठले होते आणि आपले बूट कुठे ठेवलेत असे बायकोला विचारत होते.

कारवीसारख्या दाट बांबूच्या झुडपांतून दोघे चढले. सर एकाहत्तर वर्षांचे होते. दर वीस पावलांवर ते थांबत, आणि थांबण्याचे कारण म्हणून एखादा दगड दाखवत. न्हावीबुवा याच ओढ्यात दोनदा पडले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी टोपी आधी वाचवली होती, हे सांगताना ते मनापासून हसले. रित्सुकोने त्यांना शाळेनंतर इतके खुशीत पाहिले नव्हते. वाटेत बसून त्यांनी फुसाएबाईंनी दिलेले भाताचे गोळे खाल्ले.

काळा दगड अजून जागचा असलेली ती जागा एका घळीत होती. वर पांढरी चुनखडी, खाली काळा दगड आणि मधे घासून निघाल्यासारखा, हाताच्या रुंदीचा चुरडलेला पट्टा. सत्तावन साली ही जागा सरांनी आणि कुरोइवा नावाच्या त्यांच्या मित्राने चितारली होती. मधला पट्टा असा का चुरडलाय यावर दोघांचे संध्याकाळपर्यंत भांडण झाले. शेवटी कुरोइवांनी वहीत 'कळत नाही' असे लिहिले आणि दोघांनी खाली सह्या केल्या. कुरोइवा वारल्याला आता सहा वर्षे झाली होती.

सरांनी शेवाळ खरवडले आणि चुनखडीच्या बरोबर खालचा, अजून डोंगराला घट्ट धरून असलेला काळा दगड फोडला. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर आकडा घातला आणि तो तिच्या हातात दिला.

"सर, याच्यातही तेच निघालं तर?"

"तर तुझ्या निबंधाला कोणी हात लावू शकणार नाही."

"आणि तुमचा लेख?"

"तो मी लिहिलाय. दगडानं नाही."

मग तिने विचारले, की निबंधावर सरांचे नाव घातले तर चालेल का. सरांनी स्वच्छ नकार दिला. जे पटलेले नाही त्याखाली सही करायची नाही, असे ते म्हणाले. घळीचा पत्ता मात्र नीट लिही, आणि कुरोइवांचे नाव विसरू नकोस.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तेच सांगाडे, तेच वय. रित्सुकोने दुपारी हिनोसावाला फोन लावला. तो फुसाएबाईंनी उचलला.

"ते घरी नाहीत गं. रविवारच्या मंडळींना घेऊन वर गेलेत. सात जण उरलेत आता, त्यात एकाचा गुडघा बदललेला. खोऱ्याच्या तोंडापासून सुरुवात केलीय. दर दहा मीटरला एक दगड. सगळं पुन्हा."

"सगळं खोरं?"

"मीही तेच विचारलं. मला म्हणाले, तुला काय कळतं. आणि हे सगळे दगड तुझ्याकडे पाठवायचेत म्हणे, विरघळवायला."

रित्सुकोने सांगितले की निकाल आला आहे, सर परतले की एवढे त्यांना कळवा.

"नको, मला सांगूच नकोस," फुसाएबाई घाईघाईने म्हणाल्या. "त्यांनी बजावून ठेवलंय. आधी दगड पोचू देत, म्हणाले. कानानं ऐकलं की हात तसलेच दगड उचलतो."

पलीकडे अंगणात कोणीतरी काही जड खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती झालेत आतापर्यंत?" रित्सुकोने विचारले.

"आजचे धरून दोनशे दहा."

फोन ठेवून ती प्रयोगशाळेत गेली. फळीवर आम्लाची भांडी आठ होती. शेजारच्या विभागात आणखी मिळतील का, हे पाहायला ती बाहेर पडली.