कळवून जाण्याची रीत

गाव जपानातलं, चिनीमातीच्या भट्ट्यांचं, चहूकडून डोंगरांनी कोंडलेलं. त्या ऑगस्टात खांबावरचा भोंगा सकाळी आठलाच सुरू व्हायचा : बाहेर पडू नका, एसी चालू ठेवा, पाणी प्या.

हिसाएकडे गल्लीतल्या तीन एकट्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस होती. वस्तीच्या मंडळाने सोपवलेलं बिनपगारी काम, पण ती ते पूजेसारखं करी. बुद्धापुढे उदबत्ती लावायची, मग तिघांना फोन करायचा आणि अर्ध्या तासाने छत्री उघडून निघायचं. न कळवता कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे विस्कटलेल्या केसांनी देवळात शिरणं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं.

पहिलं घर किनुयोचं. वय सत्त्याऐंशी, नवरा भट्टी लावणारा, तो जाऊन वीस वर्षं झाली.

"या, जिवंत आहे. लिहा तुमच्या वहीत."

"लिहिते हो. आणि एसी?"

"बसा की, बर्फ जमेल अंगावर!"

खोली खरंच गारेगार असे. पूर्वी दोघी देवळात शेजारी बसून प्रवचन ऐकायच्या. तिथले भिक्षू गात गात सांगत. आता किनुयोला चालवत नसे, म्हणून हिसाए घरी येऊन ऐकलेलं गुणगुणून दाखवी.

"आवाज फाटका तो फाटकाच," किनुयो म्हणे, "पण बुद्ध ऐकून घेतो बिचारा." आणि डोळे मिटून मान डोलवी.

एका दुपारी तीनला हिसाए प्रवचनाहून परतत होती. हातात प्रसादाची गोड पुडी. किनुयोला लगेच द्यावी, या ओढीत फोन करायचं राहूनच गेलं. तिने दार सरकवलं आणि भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखी झळ अंगावर आली.

खिडक्या बंद. एसीवर नक्षीचं कापड घातलेलं. किनुयो परकरावर चटईवर पडलेली, तोंड विटेसारखं लाल. हिसाएला पाहताच तिचा हात आधी रिमोटकडे गेला, मग झाकायला छातीवर.

"फोन नाही केलात!"

"किनुयो-सान, हे काय? रोज तर चालू असतो..."

"तुमचा फोन आला की लावते. पाहुण्याला घामात बसवायचं का? तुम्ही गेलात की बंद."

"आणि तुम्ही?"

"मी काय माझ्याच घरात पाहुणी आहे? नवरा पेटत्या भट्टीशी उभा असायचा आणि त्याचा डबा घेऊन मी जायचे. मला उकाडा शिकवू नका."

हिसाएने एसी लावला, अंग पुसलं, मीठ घातलेलं पाणी घोटघोट पाजलं. जरा जीव आल्यावर किनुयोने अंगावर कपडा ओढला. वर काही ती बघेना.

"मला असं कुणी पाहिलं नव्हतं," ती पुटपुटली. "पुन्हा न कळवता येणार नाही, म्हणा."

"तुम्ही एसी लावीन म्हणा."

दोघींनी म्हटलं. मुलाला कळवणार नाही, असंही किनुयोने म्हणवून घेतलं.

नंतरचे तीन दिवस खोली गार होती. फोन करूनच तर हिसाए जात होती. चौथ्या दुपारी पारा चाळिसावर गेला आणि तिला राहवेना. ती तशीच निघाली, गल्लीच्या वळणापर्यंत आली. दार पंधरा पावलांवर होतं. पण डोळ्यांपुढे तो छातीवर गेलेला हात आला. ती मागे फिरली, घरी आली आणि तिने फोन लावला.

"चालू आहे हो," किनुयोचा आवाज जड होता. "आज नका येऊ. डोळा लागतोय."

"झोपा मग," हिसाए म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन कुणी उचलला नाही. तरीही हिसाएने तो तीनदा लावला. मग धावली. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळीच गेल्या असाव्यात.

नागोयाहून मुलगा आला. कमरेत वाकून म्हणाला, "आई तुमचं फार कौतुक करायची. म्हणायची, हिसाए-सान फार रीतीच्या, कळवल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत."

त्या रात्री बुद्धापुढे बसून तिला नाम घेता येईना.

किनुयोचे दिवस झाले तशी ती दुसऱ्या घरी गेली, निवृत्त मास्तर योनेझोंकडे. फोन न करता. मास्तर बनियनवर घामाने निथळत बसलेले.

"हे काय वागणं? फोन कुठाय?"

"एसी कुठाय, मास्तर?" चपला काढून ती सरळ आत गेली आणि तिने बटण दाबलं.

"बाहेर व्हा! घर माझं आहे!"

"असू दे तुमचं. पाणी प्या."

संध्याकाळी मंडळाकडे तक्रार गेली. दोन दिवसांनी प्रमुख स्वतः खरबूज घेऊन आले, तिच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल फार गोड बोलले. हिसाएने सगळं सांगितलं, किनुयोचं, मास्तरांचं. ते मान हलवत ऐकत राहिले. म्हणाले, "तुम्ही थकला आहात. उन्हाळा आहेच तसा."

आता तिच्या जागी दुसरी बाई जाते, मोठी मर्यादशील. अर्धा तास आधी फोन करते आणि मंडळात सांगते, दोन्ही घरं कशी छान गार असतात.