ड्रायरखालची संत्री

आमच्या परसातल्या संत्र्याच्या झाडाला नवव्या वर्षी एकदम एकशे बारा संत्री लागली. त्याआधी आठ वर्षं त्यानं पानांपलीकडे काही दिलं नव्हतं. मी दर वर्षी त्याला तोडायची धमकी द्यायचे आणि नवरा दर वर्षी त्याला जामीन राहायचा. फुलू दे एकदा, मग वास बघ, म्हणायचा. आणि झाड फुललं कधी, तर नेमकं नवऱ्याचं नाक गेलं त्या वर्षी. मला इतका संताप आला की मी परसात जाऊन झाडाला चार शब्द सुनावून आले.

नाक गेलं म्हणजे वास गेला. नाक जागेवरच आहे, चांगलं ठसठशीत आहे. साधी सर्दी झाली, ताप आला, आणि ताप जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाहीही येणार, वाट बघा. चौदा महिने आम्ही वाट बघत होतो.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. माझा नवरा बेकरीवाला. तीस वर्षं त्याच्या बेकरीत घड्याळ नव्हतं. बाहेर पायरीवर गप्पा मारता मारता तो मध्येच "मागची रांग काढा" असं आत ओरडायचा, आणि भट्टीतली मागची रांग बरोब्बर झालेली असायची. आता भट्टीसमोर घड्याळ लावलं होतं आणि हा त्याच्याखाली परीक्षेला बसल्यासारखा उभा असायचा. शेवटी त्यानं ठरवूनच टाकलं, एक तारखेला बेकरीच्या किल्ल्या भाच्याच्या हातात द्यायच्या. नाकाशिवाय मी तिथं नुसती अडगळ आहे, म्हणाला. मी वाद घातला, रुसून बसले, दोन दिवस अबोला धरला. ढिम्म हलला नाही.

त्याच महिन्यात संत्री पिकली. सगळ्यांनी सल्ले दिले, रस काढा, वाटून टाका. पण माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. फळ खाल्लं की वास संपला. चकत्या करून कडकडीत वाळवल्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरल्या तर वास वर्ष-दोन वर्षं टिकतो, असं एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं होतं. म्हणजे त्याचं नाक परत येईपर्यंत हा पहिला बहर मी त्याच्यासाठी धरून ठेवणार होते. त्याला मात्र सांगितलं, चहात टाकायला होतील.

पहिली पाच संत्री घरच्या ओव्हनमध्ये लावली आणि पुढच्या खोलीत गेले. पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. एका बाईंचे केस कापून परत आले, तर ओव्हनच्या फटीतून धूर येत होता आणि नवरा ओव्हनकडे पाठ करून निवांत शब्दकोडं सोडवत होता. आमच्या घरात तीस वर्षांत ओव्हनकडे कुणी बघितलेलंच नव्हतं. हा घरात असताना बघायचं कशाला? त्यानं ते पाच संत्र्यांचे कोळसे बघितले आणि त्याचा चेहरा पडला. मी मुद्दाम मोठमोठ्यानं हसले, कारण नाहीतर मी रडले असते.

मग पुढच्या चकत्या गच्चीवर उन्हात घातल्या. मुंग्यांनी हजेरी लावली आणि ढगांनी मुक्काम ठोकला. चकत्या मऊच्या मऊ. शेवटी मी पार्लरमध्ये डोक्याला हात लावून बसले होते आणि माझी नजर वर गेली. तिथं तीन खुर्च्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीवर केस वाळवायचा टोपीसारखा मोठा ड्रायर. मंद, कोमट, एकसारखी हवा, तासन् तास. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की गिऱ्हाईक समोर असताना एक गिरकी घेतली.

दोन ड्रायर संत्र्यांना, एक माणसांना. खुर्चीत स्टूल, स्टुलावर जाळीचा ट्रे, ट्रेत चकत्या, आणि वाऱ्यानं त्या उडू नयेत म्हणून वरून केसांच्या जाळ्या. शाळेच्या मुख्याध्यापिका तिसऱ्या ड्रायरखाली बसल्या होत्या. त्यांनी शेजारी वाकून बघितलं आणि यांना किती वेळ झाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, सहा तास. त्यांनी घाबरून स्वतःचे केस चाचपले. माझं काम तर सुरूच होतं. त्या आठवड्यात चौघींचे केस कुरळे करून दिले, तिघींचे रंगवले, मधल्या वेळात चकत्या उलटवल्या. आठ दिवसांनी एकोणीस बरण्या भरल्या. काचेतून चकत्या अशा केशरी दिसत होत्या की मी येता-जाता त्यांच्याशी बोलायला लागले.

तीन बरण्या मोठ्या मनानं वाटल्या. नणंदबाईंनी एक चकती तोंडात टाकली, बराच वेळ गिळली नाही आणि म्हणाल्या, वेगळी आहे हं वहिनी, अगदी वेगळी. मुख्याध्यापिकांनी आपली चकती घरी जाऊन सावकाश खाते म्हणून रुमालात बांधली. भाच्यानं चहात टाकली आणि तो चहा माझ्या डोळ्यांदेखत कुंडीत ओतला. माशी पडली, म्हणाला. मला वाटलं, लोकांना चांगल्या गोष्टींची चवच राहिली नाही.

एक तारखेला तीन दिवस उरले होते. सकाळी नवरा चहा घेऊन बसला, सवयीनं बरणी उघडली आणि नाक मुरडलं.

"याला तुझ्या त्या केस कुरळे करायच्या औषधाचा वास येतोय," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवस मी या चकत्यांपायी उभी होते, तू एका तरी चकतीला हात लावलास का, आणि आता नावं ठेवायला बरा पुढे आलास, असं मी सुरू केलं. तो म्हणाला, हात लावला नाही म्हणून वास येतोय हे सांगायचंही नाही का? मी म्हटलं, नाही येत. तो म्हणाला, येतोय. मी म्हटलं, मला कसा येत नाही मग? तो म्हणाला, तू दिवसभर त्यातच असतेस, तुला काय कळणार, तीस वर्षं सांगतोय, आत येताना हात धुऊन येत जा. आणि मी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

बरणीतून कुणी हाक मारल्यासारखा तो आत बघत होता. मग त्यानं हळूच पुन्हा वास घेतला.

"परत सांग," मी म्हटलं.

"घाण वास येतोय," तो म्हणाला, आणि त्याला हुंदकाच फुटला.

मग आम्ही वेडे झालो. मी उरलेल्या पंधरा बरण्या धावत आणल्या. एकेकीचं झाकण उघडायचं, त्याच्या नाकाखाली धरायची, आणि त्यानं निकाल द्यायचा. ही केसांच्या रंगाची. ही स्प्रेची. ही तर शाम्पूच आहे. एकूण एक बरणी नापास झाली आणि प्रत्येक निकालाला मी टाळ्या वाजवत होते. मी नणंदबाईंना फोन करून खरं सांगा म्हटलं. त्या म्हणाल्या, वहिनी, तीन दिवस माझ्या तोंडातून ते औषध जात नव्हतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मी त्यांना इतके धन्यवाद दिले की माझी तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं.

एकशे बारापैकी एक संत्रं झाडाच्या शेंड्याला राहिलं होतं, ते काही केल्या हाताला येत नव्हतं. नवरा बेकरीतून पाव काढायची लांब दांड्याची फळी घेऊन आला आणि त्यानं ते खाली पाडलं. सोललं, साल नाकाशी धरली आणि बराच वेळ डोळे मिटून झाडाखाली बसला. मी फोड मागितली तर म्हणाला, थांब जरा, माझं अजून झालं नाही.

वास सगळा एकदम आला नाही. साबण अजून कळत नाही, दूध कधी कळतं, कधी नाही. पण एक तारखेला सकाळी भाचा किल्ल्या घ्यायला आला, तेव्हा नवरा बेकरीच्या पायरीवर बसला होता. बोलता बोलता तो थांबला आणि मागची रांग काढा म्हणून ओरडला. भाचा आत धावला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहराच सगळं सांगत होता. नवऱ्यानं त्याला किल्ल्या दिल्या नाहीत. भिंतीवरचं घड्याळ काढून दिलं.

संध्याकाळी पार्लर बंद करून मी आत आले, तर तो शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला, आधी हात धू. मी न धुताच त्याच्या शेजारी जाऊन बसले.